मोटर किती मागते, ते आधी विचारा

आम्ही खरवईच्या बचत गटातून बोलतोय. आजवर आम्ही इथून मसाल्यांबद्दल बोललो, बँकेच्या पासबुकाबद्दल बोललो, अन्न परवान्याबद्दल बोललो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. ट्रान्झिस्टर!

आता तुम्ही म्हणाल, ट्रान्झिस्टर म्हणजे हाच की, ज्यातून तुमचा आवाज ऐकतोय तो. बरोबर आहे. आपल्या आजोबांपासून छोट्या रेडिओला ट्रान्झिस्टरच म्हणतात. पण ते नाव रेडिओला मिळालं ते त्याच्या पोटातल्या एका तीन पायांच्या तुकड्यामुळे. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तो तयार झाला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना त्यासाठी १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच्या आधीचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचे, कपाटाएवढे असायचे. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ खिशात मावायला लागला. आज आपण बोलणार आहोत तो हा तीन पायांचा तुकडा. आणि तोही रेडिओतला नाही, पापडाच्या पेटीतला.

पापड आणि पाऊस यांचं वैर आपल्याला नवीन नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उधार घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड झालं. पण पहिल्या वर्षी पावसाळा लागला आणि त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पापड वाळणार कुठे? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. पावसातही पापड वाळले आणि काम थांबलं नाही. एवढ्या मोठ्या संस्थेच्या सुरुवातीला ही खाट आणि हा स्टोव्ह आहे. वाळवण्याचा प्रश्न सुटला, म्हणून बारमाही रोजगार झाला.

आपल्या बदलापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जून लागला की चंदेरीचा डोंगर दिसेनासा होतो तो थेट गणपतीपर्यंत. आमच्या गटानेही म्हणूनच एक वाळवणीची पेटी घेतली. जुनी, वापरलेली. गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतली, दर महिन्याला हप्ता. लाकडी पेटी, आत जाळीचे ट्रे, खाली हीटर आणि वरच्या बाजूला दमट हवा बाहेर टाकणारा छोटा पंखा. हीटर घरच्या विजेवर चालतो. त्याचं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घेतलं आहे आणि त्याला आम्ही हात लावत नाही. पंखा मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. लाइट गेली तरी पंखा फिरत राहावा आणि आतली वाफ पुन्हा पापडावर बसू नये, म्हणून. हा पंखा कधी लावायचा, कधी बंद करायचा, ते एक छोटा कंट्रोलर बोर्ड ठरवतो. आतलं तापमान वाढलं की बोर्ड हुकूम देतो, पंखा चालू. खाली आलं की बंद.

पेटी आली, आणि पंधरा दिवसांत पंखा बंद पडला.

दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी आतला एक भाग बदलला, ३०० रुपये घेतले. आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा ३०० रुपये. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ताई, मोटरच खराब आहे. सगळा सेट बदला." तेव्हा आषाढ संपत आला होता. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी घेतलेल्या होत्या. एका रात्री पंखा बंद राहिला आणि सकाळी दोन ट्रेमधल्या पापडांवर बुरशीचे ठिपके. उडदाचं पीठ वाया, तेल वाया, बायकांचे हात वाया. आणि हप्ता तर थांबत नाही.

त्या महिन्याच्या बैठकीत विषय निघाला, आणि आमच्यातल्या दोघी पुढे आल्या. या दोघी इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका युनिटमध्ये कामाला जातात. दिवसभर छापील सर्किट बोर्डवर सुटे भाग बसवायचे, सोल्डर करायचे, पुढे सरकवायचे. खरवई काय, मोरिवली काय, अंबरनाथ काय, आपल्या भागात अशी कामं करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. यांचा हात इतका बसलेला की डोळे मिटूनही सोल्डर करतील. पण त्यातली एक ताई म्हणाली, "आम्हाला कुठल्या भोकात कुठला रेझिस्टर घालायचा ते सांगतात. तोच का घालायचा, ते कधी कोणी सांगत नाही. आणि विचारलं तर म्हणतात, तुम्हाला काय करायचंय."

मैत्रिणींनो, आजचं बोलणं त्या "का" बद्दलच आहे. कारण तो "का" कळल्याशिवाय आमची पेटी नीट होत नव्हती.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. नसेल तरी चालेल. यात शाळेतल्या भागाकारापेक्षा अवघड काही नाही.

पहिला प्रश्न. बोर्ड हुकूम देतो, तर मोटर सरळ बोर्डालाच का जोडत नाहीत? त्याचं कारण असं की बोर्डाच्या पिनेत तेवढी ताकद नसते. आमच्या बोर्डाची पिन ५ व्होल्ट देते आणि तिच्याकडून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट घ्यायचा नाही. मोटर चालताना ३०० मिलिअँपिअर घेते, म्हणजे पंधरा पट. शिवाय तिला १२ व्होल्ट लागतात. नाजूक मनगटाच्या मुलीला गव्हाचं पोतं उचलायला सांगण्यासारखं ते होईल. पण तीच मुलगी नळाची चावी मात्र फिरवू शकते. पाणी टाकीच्या जोराने येतं, चावीला लागतं ते फक्त बोट. ट्रान्झिस्टर म्हणजे ही चावी. त्याच्या तीन पायांपैकी एक बेस. तिथे बोर्डाचा थोडासा करंट द्यायचा. मग बाकीच्या दोन पायांतून, म्हणजे कलेक्टरकडून एमिटरकडे, बॅटरीचा मोठा करंट वाहतो. बेसमध्ये १ दिला की पलीकडे १०० वाहू शकत असतील, तर त्या ट्रान्झिस्टरचा गेन १०० आहे असं म्हणतात.

आता आमच्या पेटीत काय होतं? धातूच्या टोपीचा एक छोटा ट्रान्झिस्टर होता. त्याची मर्यादा ५०० मिलिअँपिअर. मोटर घेते ३००. वरवर पाहिलं तर हिशेब बरोबर. मग जळतो का?

इथे आम्ही गटासाठी एक मल्टिमीटर विकत घेतला. दोन वायरी, एक काळी, एक लाल. बॅटरी सोडवली, मोटरच्या दोन्ही वायरी मोकळ्या केल्या आणि मोटरच्या आतल्या तांब्याच्या वेटोळ्याचा रेझिस्टन्स मोजला. पंखा हाताने थोडा थोडा फिरवून चार-पाच वेळा मोजायचा. आकडा आला साधारण १० ओहम.

आता भागाकार करा. जॉर्ज ओहम नावाच्या जर्मन मास्तरांनी १८२७ साली हा नियम छापला. व्होल्टला ओहमने भागलं की करंट मिळतो. १२ भागिले १० म्हणजे १.२ अँपिअर. म्हणजेच १२०० मिलिअँपिअर. ३०० नव्हे, १२००!

मग चालताना ३०० च का घेते? हे समजायला आम्हाला जरा वेळ लागला, म्हणून सावकाश सांगतो. मोटरमधलं वेटोळं चुंबकाजवळ फिरतं. चुंबकाजवळ तार फिरली की तिच्यात वीज तयार होते. म्हणजे फिरणारी मोटर स्वतःही थोडी वीज बनवते, आणि ती वीज बॅटरीच्या उलट दिशेने ढकलते. आमची मोटर पूर्ण वेगात असताना साधारण ९ व्होल्टने उलट ढकलते. १२ मधून ९ गेले, उरले ३. तीन भागिले १० म्हणजे ०.३ अँपिअर. हेच ते ३०० मिलिअँपिअर. पण मोटर थांबलेली असते तेव्हा उलट ढकलणारं कोणी नसतं. सुरू होण्याच्या क्षणी, किंवा पंखा अडकला तर, ती पूर्ण १२०० मागते. जड जातं आठवा. पहिला फेरा ओढताना खांदा भरून येतो, मग एका हाताने फिरतं.

ज्यांनी पुण्याच्या आयुकामध्ये मुलांसाठी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी केली, त्या अरविंद गुप्ता यांची एक मोटर प्रसिद्ध आहे. एक सेल, एक रबर, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि वार्निश लावलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकाचं वार्निश पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकाचं अर्धंच. घरी मुलांबरोबर करून बघा. त्या वेटोळ्याला बोटाने ढकलून सुरुवात करून द्यावी लागते, आणि बोटाने धरून ठेवलं तर तार आणि सेल तापायला लागतात, म्हणून लगेच सोडायचं. आमच्या पेटीतल्या मोटरचीही तीच गोष्ट आहे.

तर मोटरने मागितले १२०० आणि ट्रान्झिस्टर होता ५०० चा. पण मोटर सुरू व्हायला क्षणभरच लागतो, मग तेवढ्यात तो जळावा का? याचं उत्तर तिघांत वाटलेलं आहे.

पहिली गोष्ट, बेसला मिळणारा करंट साधारण ५ मिलिअँपिअर होता. गेन १००. म्हणजे तो फार तर ५०० वाहू देणार. मोटर १२०० मागत असताना तो ५०० वर अडून बसतो. नळ पूर्ण उघडा नाही, पूर्ण बंदही नाही, अर्धवट. आणि ट्रान्झिस्टर सगळ्यात जास्त तापतो तो अर्धवट उघडा असताना. हिशेब बघा. मोटरवर ५ व्होल्ट, बाकीचे ७ ट्रान्झिस्टरवर. सात गुणिले अर्धा अँपिअर, साडेतीन वॅट. एवढ्याशा टोपीला हे झेपत नाही.

दुसरी गोष्ट, उडदाच्या पिठाची धूळ. ती पंख्याच्या दांड्यावर बसते, तेलकट होते, घट्ट होते. त्यामुळे क्षणभराची सुरुवात चार-पाच सेकंदांची होते.

तिसरी गोष्ट, बोर्डावर चालू आणि बंद करण्याचं तापमान एकच ठेवलेलं होतं. ५५ अंश झाले की चालू, ५५ च्या जरा खाली आले की बंद. म्हणजे पंखा मिनिटामिनिटाला सुरू-बंद. दर वेळी तोच पहिला जड फेरा.

म्हणजे मोटर खराब नव्हतीच. सगळा सेट बदलला असता तर नवा सेटही जळला असता. निवडणाऱ्याने मोटर सुरळीत चालताना किती घेते ते पाहिलं, अडचणीत किती मागते ते पाहिलं नाही. बचत गटात आपण काय करतो? कर्ज देताना बाईच्या चांगल्या महिन्याची कमाई धरून हप्ता ठरवतो का? नाही. शाळेची फी, आजारपण, पावसाळ्यातला बुडालेला रोज, असा सगळ्यात ओढाताणीचा महिना धरतो. मोटरलाही तेच विचारायचं.

एक काकू बैठकीत म्हणाल्या, "अगं, पापड वाळवायला एवढं गणित कशाला?" तेव्हा सोल्डरिंगवाली ताई म्हणाली, "काकू, मीठ किती घालायचं ते तुम्ही पिठाच्या अंदाजाने ठरवता ना? पीठ दुप्पट झालं तर मीठ तेवढंच ठेवाल का?" काकू हसल्या आणि वही पुढे ओढली.

आता नवीन हिशेब सांगतो.

आम्हाला १२०० मिलिअँपिअर आरामात वाहून नेणारा ट्रान्झिस्टर हवा. साधा मोठा ट्रान्झिस्टर घेतला, तर तो पूर्ण उघडायला बेसला साधारण दहावा हिस्सा करंट लागतो, म्हणजे १२० मिलिअँपिअर. आमची पिन देते २०. जमत नाही. म्हणून डार्लिंग्टन जातीचा घ्यायचा. यात एकाच पोटात दोन ट्रान्झिस्टर असतात. पहिला दुसऱ्याला उघडतो, दुसरा मोटरला. टिप १२२ या नावाने तो मिळतो. मर्यादा ५ अँपिअर, गेन हजाराच्या घरात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या डॉ. भडकमकर मार्गाला, असे भाग मिळतात हे तुम्हाला माहीत असेलच.

गेन हजार असला तरी आपण हजारावर हिशेब करायचा नाही. पूर्ण उघडा राहावा म्हणून हात सैल सोडायचा. आम्ही २५० धरला. १२०० भागिले २५०, साधारण ५ मिलिअँपिअर. पिनेच्या २० मध्ये आरामात बसतो.

आता तो ५ मिलिअँपिअर मोजून द्यायला मध्ये रेझिस्टर. पिन देते ५ व्होल्ट. डार्लिंग्टनचा बेस त्यातले साधारण १.४ स्वतः खातो. उरले ३.६. तीन पूर्णांक सहा भागिले ०.००५ म्हणजे ७२० ओहम. बाजारात ७२० सहज मिळत नाही, ६८० मिळतो. निळा, राखाडी, तपकिरी असे पट्टे. पाव वॅटचा पुरतो. ६८० घातला की करंट सव्वापाच मिलिअँपिअरच्या आसपास. झालं! मैत्रिणींनो, आमच्या दोघी ताया रोज शेकडो रेझिस्टर लावतात, पण एखाद्या रेझिस्टरचा आकडा स्वतः काढून लावला तो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा.

आता डायोड. हा अगदी रुपया-दोन रुपयांचा भाग, आणि आमच्या जुन्या सर्किटमध्ये नव्हताच. घरी नळ जोरात चालू असताना एकदम बंद केला की पाइप कसा धाडकन वाजतो? वाहणारं पाणी एकदम थांबायला तयार नसतं, म्हणून दणका देतं. मोटरच्या वेटोळ्यातला करंटही तसाच. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी तो म्हणतो, मी वाहणारच. वाट मिळाली नाही की व्होल्टेज चढत जातं, बॅटरीच्या १२ च्या कितीतरी पट, आणि तो दणका ट्रान्झिस्टरला बसतो. डायोड मोटरच्या दोन वायरींवर आडवा लावला की करंटला गोल फिरून शांत व्हायला वाट मिळते. १एन४००७ हा डायोड पंखा नुसता चालू-बंद करायला पुरतो. त्याच्या अंगावर चंदेरी पट्टा असतो. तो पट्टा बॅटरीच्या प्लसकडे. उलटा लावलात तर पंखा फिरणार नाही आणि सगळा करंट डायोडमधून धावेल. म्हणून लावताना दोघींनी बघायचं. एकीने लावायचं, दुसरीने पट्टा वाचायचा.

काही जण सांगतात की टिप १२२ च्या आत डायोड असतोच, वेगळा कशाला. असतो खरा, पण तो ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्या दोन पायांमध्ये असतो, मोटरच्या वायरींवर नाही. या दणक्याला तो वाट देत नाही. वेगळा लावायचाच.

आता जोडणी. कानाने ऐकून डोळ्यांपुढे आणा. टिप १२२ ची छापील बाजू आपल्याकडे धरा, पाय खाली. डावीकडचा पाय बेस, मधला कलेक्टर, उजवीकडचा एमिटर. बोर्डाची पिन, तिथून ६८० ओहमचा रेझिस्टर, तिथून बेस. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, फ्यूजपासून मोटरची एक वायर. मोटरची दुसरी वायर कलेक्टरला. एमिटर बॅटरीच्या मायनसला. आणि बोर्डाचा मायनसही त्याच मायनसला जोडायचा. हे शेवटचं वाक्य विसरायचं नाही. बोर्डाचा मायनस वेगळा राहिला तर बेसमध्ये गेलेल्या करंटला परत यायला रस्ताच नसतो, आणि सगळं नवीन असून पंखा हलत नाही. ट्रान्झिस्टरच्या पाठीचा पत्रा आतून कलेक्टरला जोडलेला असतो, म्हणून तो दुसऱ्या कशालाही टेकू द्यायचा नाही.

फ्यूज आम्ही ५०० मिलिअँपिअरचा, स्लो ब्लो जातीचा घेतला. सुरुवातीचा क्षणभराचा जोर तो सहन करतो, पण पंखा अडकूनच राहिला तर तुटतो. बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही खरा, पण बॅटरीच्या दोन टोकांना चुकून तार लागली तर ती तार लाल होते, आग लागू शकते.

आणि एक बारीक गोष्ट, खास रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी. मोटरमध्ये कार्बनचे किंवा पत्र्याचे ब्रश घासतात, तिथे बारीक ठिणग्या उडतात. जवळच रेडिओ असेल तर खरखर येते. शेजारी मिक्सर लागला की मिडियम वेव्हवर येते ना, तशी. मोटरच्या दोन वायरींवर अगदी मोटरजवळ १०४ लिहिलेला छोटा कपॅसिटर लावला की ती बरीच कमी होते. नुसता रेडिओच नाही, बोर्डालाही ती खरखर गोंधळात टाकते.

हे सगळे भाग मिळून दोन-तीन वडापावांच्या पैशांत आले. एका वेळच्या दुरुस्तीच्या ३०० रुपयांच्या कितीतरी आत.

बोर्डावरचं तापमानही बदलून घेतलं. ५५ अंशाला पंखा चालू, ५० ला बंद. मध्ये पाच अंशांची मोकळीक ठेवल्यामुळे पंखा सारखा दचकत नाही. आणि दर शनिवारी बॅटरी सोडून पंख्याचा दांडा कोरड्या ब्रशने साफ करायचा, ही पाळी लावली.

तपासणीही करून पाहिली. मोटर चालू असताना कलेक्टर आणि एमिटरमध्ये मल्टिमीटर लावला. एक व्होल्टच्या आत आकडा आला, म्हणजे नळ पूर्ण उघडा आहे. सात-आठ आला असता तर अर्धवट. मोटर चालताना ट्रान्झिस्टर कोमट लागतो, बोट ठेवता येतं. पंखा अडकला तर मात्र तो चांगलाच तापतो, तेव्हा हात लावायचा नाही, आधी बॅटरी सोडायची.

एक इशारा देतो, कारण आपण खाण्याचे पदार्थ करतो. सोल्डरच्या बऱ्याच तारांमध्ये शिसं असतं. ते काम पापडाच्या खोलीत करायचं नाही, लाटणीच्या पोळपाटाजवळ तर नाहीच. वेगळं टेबल, उघडी खिडकी, आणि काम झालं की साबणाने हात. सर्किटचा डबा पेटीच्या बाहेरच्या बाजूला बसवायचा, म्हणजे आतल्या वाफेपासूनही वाचतो. घरच्या २३० व्होल्टच्या कशावरही हे प्रयोग करायचे नाहीत.

असं हाताने करून शिकणं आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शहरातली संशोधनाची मोठी नोकरी सोडून ते गावात आले, आणि शाळा सुटलेल्या मुलामुलींना वेल्डिंग, वीज, शेती, अन्नप्रक्रिया असं सगळं काम करता करता शिकवू लागले. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅबही उभी राहिली. आमच्याकडे लॅब नाही. एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग गन आणि एक दोनशे पानी वही आहे. पण रीत तीच.

आता पेटीचं सांगतो. नारळी पौर्णिमेच्या आधी नवीन सर्किट बसवलं. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या. ट्रान्झिस्टर तोच आहे. मध्ये एकदा फ्यूज गेला. उघडून पाहिलं तर पंख्यात सुतळीचा तुकडा अडकलेला. तुकडा काढला, फ्यूज बदलला, पंखा चालू. त्याच कामासाठी फ्यूज असतो.

त्या दोघी तायांचं विचाराल, तर कारखान्यातला त्यांचा पगार आहे तेवढाच आहे. हिशेब कळला म्हणून रोज वाढला, असं काही झालेलं नाही. तसं आम्ही सांगणारही नाही. पण गटात आता एक ठराव झाला आहे. दुरुस्तीवर बाहेर जाणारा पैसा गटातच राहावा म्हणून बॅटरीवरच्या छोट्या यंत्रांची दुरुस्ती या दोघी करतील आणि त्याची मजुरी गट त्यांना देईल. पहिल्या महिन्यात वजनकाटा, एक चार्जिंगचा दिवा आणि शेजारच्या गटाची शेवयांची छोटी मोटर, एवढं काम आलं.

तुमच्या गटात अशी पेटी असेल, पाणी ओढणारा छोटा पंप असेल, खेळण्याची मोटर असेल, तर सर्किट विकत घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. मोटर किती व्होल्टची आहे. तिच्या वेटोळ्याचा रेझिस्टन्स किती, म्हणजे अडकल्यावर ती किती मागेल. आणि हुकूम देणारी पिन किती करंट देऊ शकते. दुकानदाराला हे तीन आकडे सांगा आणि विचारा, यातला कुठला ट्रान्झिस्टर चालेल आणि का. तो "का" सांगेल तिथूनच घ्या.

आणि सर्किट बसलं की पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. मराठीत, मोठ्या अक्षरात. मोटर १२ व्होल्ट, १० ओहम. ट्रान्झिस्टर टिप १२२. रेझिस्टर ६८०. डायोडचा पट्टा प्लसकडे. फ्यूज ५०० मिलिअँपिअर, स्लो ब्लो. उद्या आम्ही नसलो, दुसऱ्या कोणी बायका पेटी चालवायला लागल्या, तर त्यांना कोणाच्या पाया पडावं लागू नये.

आमच्या गटाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी असते. मल्टिमीटर कसा धरायचा ते शिकायचं असेल तर या. येताना बंद पडलेलं बॅटरीवरचं काहीतरी घेऊन या. चहा आमच्याकडे.